पन्नास नंबरची मुकी गाडी

निपाणी, गुरुवार १२ डिसेंबर १९४६

परसराम,

भाचा म्हणून आशीर्वाद आणि जावई म्हणून रामराम. दोन्ही धाडतोय. एक परत केलात तरी एक तुमच्याकडं राहीलच.

आज बाजाराचा दिवस. तुमच्या खानापूरकडचा हिरडेवाला आलता. मी शेजारच्या वखारीत तंबाखूची पेंडी हुंगत उभा होतो. नाक तंबाखूला आणि कान गिऱ्हाइकाला, ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तो दुसऱ्याला सांगत होता, कणकुंबीच्या गुणाबाईच्या सुनेला सहावा सरत आला, पोर अंगानं लई वाळलीय. गुणाबाई म्हणजे माझी सख्खी बहीण आणि तिची सून म्हणजे माझी तारा. होणाऱ्या आजाला ही बातमी हिरड्याच्या पोत्याआडून ऐकायला मिळावी, ह्यावर मी काही बोलत नाही. बोललो की तुम्ही म्हणणार, मामाचं तोंड सुटलं.

मुद्द्याचं लिहितो. पहिलं बाळंतपण माहेरी. हे मी ठरवलेलं नाही, तुमच्या आईचं कंग्राळीत आमच्याच घरी झालं, त्यात तुम्ही जन्मलात. सातव्यात आणायची, आठव्यात हलवायची नाही. तुमच्या मामीनं बोटांवर मोजून सांगितलंय की पौषाच्या अमावास्येला सातवा संपतो. त्याच्या आत तारा निपाणीला आली पाहिजे. नाही आली तर मग नवव्यात, त्या जंगलातल्या रस्त्यानं, तसल्या अवस्थेत, बैलगाडीत? हा विचार तुम्हीच करा.

माझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही असं तुम्ही एप्रिलात म्हणालात. नका लावू. तुमचा पाय तुमच्याजवळ. तारानं तशी शपथ घेतल्याचं माझ्या कानावर नाही.

गाडी मी पाठवतो. आपली डिझेलची लॉरी. निपाणीत बाकीचे अजून पेट्रोलच्या परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, नाहीतर लढाईतली ती कोळशाची भट्टी पाठीला बांधून धूर खात हिंडतात. आपली गाडी बाजारपेठेतून जाते तर दुकानात निजलेलं मांजर उठत नाही. लष्कराच्या लिलावाच्या मैदानात एवढ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. लोकांनी रंग बघितला, टायर बघितले. मी प्रत्येकीच्या बॉनेटला कान लावला आणि सगळ्यांत मुकी होती ती उचलली. आज वर्ष होत आलं, अजून मुकीच आहे. पन्नास नंबरचं तेल घालतो आणि निवांत झोपतो.

उत्तर ताराला लिहायला सांगा. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं.

तुमचा मामा आणि सासरा,
भावकू

निपाणी, २४ डिसेंबर १९४६

परसराम,

पत्र मिळालं. कोंबडी ह्या खेपेला थोडंच चालली. दोन ओळी. "तारा येईल. पन्नास नंबर तेल घातलेल्या गाडीत बसणार नाही."

मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तेलाचं काय मधीच? मी म्हणालो, पुरुषांचं भांडण आहे, त्याला काहीतरी नाव लागतं.

पण तुम्ही नाव काढलंच आहे तर ऐका. मी कंग्राळीहून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक गाडी आणि दोन बैल. त्यातला एक लंगडा. कण्याला वंगण कसं घालायचं हे मला आप्पांनी, म्हणजे तुमच्या आजानं, शिकवलं. एरंडेल आणि काजळी, जेवढं घट्ट तेवढं बरं. पातळ वंगण दोन कोसांवर गळून जातं आणि चाक रडायला लागतं. घट्ट वंगण कण्याला धरून बसतं, चाक गप्प. ह्या एका शहाणपणावर मी निपाणी ते बेळगाव स्टेशन तंबाखू ओढली, बैलांच्या चार जोड्या केल्या, मग लॉरी केली. आता तुम्ही सांगता की इंजिनाच्या पोटातलं लोखंड गाडीच्या कण्याहून वेगळ्या जातीचं आहे.

तेलाला नंबर असतात, मोठा नंबर म्हणजे घट्ट तेल, लहान म्हणजे पातळ, एवढं मलाही कळतं. तीस, चाळीस, पन्नास. तुम्ही लढाईत बसऱ्याला, लष्कराच्या वर्कशॉपात तीस शिकून आलात. फेब्रुवारीत मला न विचारता पन्नास काढून तीस घातलंत. बरं, सकाळी गाडी पटकन चालू व्हायची, मी काही म्हणालो का? मग एप्रिलात काय झालं? तवंदीचा घाट, भरलेली गाडी, बारा वाजलेले, आणि अर्ध्या चढावर इंजिनातून टक टक टक. तेलाच्या दाबाचा काटा असा खाली बसला जणू त्याला ऊन लागलं. पाठीमागं व्यापाऱ्याची मोटार. तो उतरून मला विचारतो, भावकू, आत सुतार ठेवलाय काय?

आता त्या वेळी मी दोन शब्द बोललो. बसऱ्याला इंजिनाला हात लावलास का साहेबाची ताटं धुतलीस, एवढंच. ते चार लोकांत बोललो हे खरं. तुम्ही हँडल दरीत फेकलंत हेही चार लोकांतच. ते हँडल लोहाराकडून नवं करून घ्यावं लागलं.

त्या दिवसापासून पन्नास घातलं. टकटक बंद. कान हा माझा साक्षीदार आहे, आणि तो आजवर फिरलेला नाही.

तुम्ही विचारणार, थंडीत चालू कशी होते? होते. तुमच्या जागी आता कल्लाप्पा आहे, संकेश्वरचा, शांत माणूस, दर वाक्यापुढं कानडीत "आगली", म्हणजे होऊ दे, म्हणतो आणि आपलंच करतो. पहाटे तो इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला वाळल्या शेणींची धग देतो. म्हशीला थंडीत शेक देतात तसा. तेल जरा हललं की हँडल फिरतं. त्यात भिण्यासारखं काही नाही.

ताराला गाडीत गादी घालून आणू. तारीख कळवा.

भावकू

निपाणी, ३ जानेवारी १९४७

परसराम,

तारीख आली नाही. हिरडेवाला मात्र आला. ह्या वेळी मी पोत्याआड उभा राहिलो नाही, सरळ त्याला चहा पाजला. तो म्हणाला, पोरीच्या पायांना सूज आहे, तोंडही सुजल्यासारखं दिसतंय. तिकडची जुनी सुईण गेल्या पावसात वारली, नव्या बाईचा हात अजून बसलेला नाही. हे तुम्ही लिहिलं नाहीत. गुणाक्कानंही कळवलं नाही. मी मामीला सूज सांगितली नाही, पण ती मी चहा पाजला हे ऐकूनच समजली. फुकट चहा मी कधी पाजत नाही.

इथं दवाखाना आहे, डॉक्टर आहे, डॉक्टराच्या घरी माझं येणंजाणं आहे. तिकडं काय आहे? झाडं.

म्हणून आता ही तेलाची गोष्ट लवकर संपवू. मी माझ्याकडून जे घडलं ते लिहितो.

परवा शेणींच्या धगीनं ताडपत्रीला जरा काळं लागलं. कल्लाप्पानं पाणी मारलं. बस, एवढंच. (मामी मागून वाचतेय आणि म्हणतेय, खरं लिहा. तर खरं असं की वारा सुटला, शेणीचे निखारे उडाले, मागल्या पोत्यांच्या गोणपाटानं पेट घेतला आणि वखारीतले सगळे हमाल धावले. अर्धा माल धुरकटला. व्यापाऱ्यानं मूठभर तंबाखू नाकाशी नेली आणि म्हणाला, भावकू, विडी वळायच्या आधीच ओढलीस की. आता गाव मला "ओढलीस काय" म्हणून रामराम घालतं. मी हसतो. हसण्याला कर नाही.)

त्या दुपारी मामीनं फर्मान काढलं की पुन्हा दारात शेणी पेटल्या तर ती स्वतः इंजिनावर बादली ओतेल. मग म्हणाली, तीस, चाळीस, पन्नास हे तुम्ही दोघं रामायणासारखं बोलता, मला एकदा दाखवा तरी. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं पितळी परात भिंतीला तिरकी टेकवली. मी तिन्ही डबे उघडले. वरच्या काठाला तीन थेंब सोडले, शेजारी शेजारी. शेजारच्या बाळाबाई आणि राजाबाई पदर सावरत बघायला आल्या. बायकांनी पैज लावली. बाळाबाई माझ्या बाजूनं म्हणून पन्नासवर.

तीस निघालं ते ओघळत, पोहोचलं. चाळीस निघालं, रेंगाळत का होईना खाली आलं. पन्नास जिथं सोडलं तिथंच. जणू सासरी जायला निघालेली पोर आईला धरून बसली. बाळाबाई म्हणाली, "दाजी, ह्याला धक्का द्यायला माणसं बोलवा."

मी बघत राहिलो. इंजिन चालू झाल्यावर हे तेल वर चढायला इतका वेळ घेणार, आणि तोवर आतलं लोखंड लोखंडावर कोरडं घासणार. बैलगाडीचा कणा मिनिटाला दहा-वीस वेळा फिरतो. हे हजार वेळा. तुम्ही फेब्रुवारीत हेच सांगत होता, मी तुमच्या आवाजाकडं लक्ष दिलं, शब्दांकडं नाही. तुम्हीही जरा मोठ्यानं बोलता.

पण थांबा, पुरतं हरलो नाही. मी तिथंच चुलीवर पाणी ठेवलं, परात गरम केली, पुन्हा थेंब सोडले. आता पन्नास मजेत चाललं आणि तुमचं तीस पाण्यासारखं सुसाट. तवंदीच्या घाटात झालं ते हेच. म्हणजे पहाटे तुमचं खरं आणि बारा वाजता माझं. आता बारा वाजता गाडी चालू करायची आणि पहाटे घाट चढायचा असा काही उपाय असला तर कळवा.

नसला तर तारीख कळवा.

भावकू

निपाणी, १२ जानेवारी १९४७

परसराम,

मामी ताट वाढते, पाणी ठेवते, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघते. अमावास्या बावीसला.

मी शुक्रवारी सतराला येतो. तुमचं पत्र येवो न येवो. काल पन्नास नंबर सगळं काढलं, चेंबर डिझेलनं धुतलं, आणि तुमचं तीस घातलं. डब्याचं टोपण मी स्वतः फोडलं, कल्लाप्पा साक्षीला आहे, त्यानं "आगली" म्हटलं. आज पहाटे शेणी नाहीत, धग नाही, हँडलच्या पहिल्या झटक्याला गाडी चालू. आयुष्यात दुसऱ्याच्या नंबरावर मी पहिल्यांदा गाडी हाकतोय. माणूस आपल्या पागोट्याचा रंग बदलेल, पण तेलाचा नंबर बदलायला छाती लागते.

गाडी रिकामी आहे, माल नाही, तेव्हा घाटात फार तापणार नाही असा माझा हिशोब. आणि तापलीच तर मला ऐकू येईल.

तारा तुमच्या अटीवर येतेय हे गावात मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तिळगूळ सोबत आणतो. गोड बोलायचं की नाही ते तुमच्या मनावर.

भावकू

निपाणी, २० जानेवारी १९४७

परसराम,

तारा बरी आहे. आधी तेच लिहितो, मग बाकीचं. डॉक्टरानं बघितलं. सूज आहे, मीठ बंद केलंय, डाव्या कुशीवर निजायला सांगितलंय. म्हणाला, वेळेवर आणलीत. हे वाक्य मी मामीला तीन वेळा सांगितलं, तिनं चौथ्यांदा विचारलं.

आता कणकुंबीचं. तुम्ही तिथं होता, पण तुम्ही जांबोटीच्या पुढचं बघितलेलं नाही आणि मामीला मी काय सांगितलं तेही तुम्हाला ठाऊक नाही. दोन्ही ठाऊक असलेलं बरं, उद्या ती विचारेल तेव्हा आपलं एक असावं.

बेळगावपर्यंत गाडी लोण्यासारखी. खानापूरकडचा फाटा सोडला, जांबोटी आली, कल्लाप्पानं पान लावलं. तिथून पुढं चढ आणि ऊन. मला आधी वाटलं माझ्याच दाढेत काही हलतंय. मग कळलं, खाली. टक. थांबून पुन्हा टक टक. तवंदीचाच आवाज, रिकाम्या गाडीत. काटा खाली खाली. कल्लाप्पा माझ्याकडं बघत नव्हता, म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. मी म्हणालो, हळू घे. गाडी थांबवून सावलीत निववली, पुन्हा निघालो, पुन्हा टक. परत फिरावं का? फिरलो तर अमावास्येआधी दुसरी खेप व्हायची नाही. मी कल्लाप्पाला म्हणालो, बंद पडेस्तोवर पुढं. बंद पडलीच तर पुढंच चालत जाऊ, मागं नाही.

आम्ही दिसायच्या आधीच तुम्ही दारासमोर रस्त्यावर उभे. मामीनं विचारलं, त्याला कसं कळलं? मी म्हणालो, भाचा आहे माझा, कान वारसानं गेलेत.

मग तुम्ही रामराम केला नाहीत. "मामा, इंजिन बंद करू नको," म्हणालात. अहो-जाहोला आपण दोघंही विसरलो, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही बॉनेट उघडलंत, हँडलचा दांडा इंजिनाला लावून दुसरं टोक कानाला लावलंत, डॉक्टराच्या नळीसारखं. बराच वेळ. गावची माणसं गोळा झाली. तारा दारात.

"हे इंजिन कुणी विकलं तुला?"

मी म्हणालो, लिलावात घेतलं, तूच पहिल्यांदा चालवलंस की.

"मी चालवलं तेव्हा तू म्हणालास, नवं आहे, हजार मैलसुद्धा पळालेलं न्हाय. म्हणून मी तीस घातलं. तीस नव्याला. हे बघ, आत बेअरिंगा झिजल्यात. मापापेक्षा जादा फट पडलीया. ह्याला तीस पुरत न्हाय, मधनं पळून जातं."

मी म्हणालो, पण लिलावात तर आवाज नव्हता.

"आवाज कसा येईल? पन्नास घालून ठेवलं हुतं त्यांनी. झिजलेल्या इंजिनाला घट्ट तेल घातलं की ते गप बसतं. विकायच्या दिवसापुरतं." मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "मामा, तू सगळ्यांत मुकी गाडी उचललीस. तिथं सगळ्यांत मोडकी तीच हुती."

हे मी मामीला जसंच्या तसं सांगितलेलं नाही. मी सांगितलं की परसूनं इंजिन तपासून थोडी झीज आढळल्याचं सांगितलं. तुम्हीही तेवढंच सांगा. एवढ्या मैदानात, एवढ्या गाड्यांत, कान लावून लावून मी नेमकी तीच निवडली, ह्याच्यावर हसायला मला आठ दिवस लागतील. आज तिसरा दिवस आहे. थोडं थोडं हसू येतंय. ज्या माणसानं तिच्यात पन्नास ओतलं तो भेटला तर मी त्याला नोकरीला ठेवीन.

पण एक हिशोब मी मांडून बघितला. मी पन्नास घालत होतो तेव्हा इंजिन बरं नव्हतं, नुसतं गप्प होतं. आणि मी बरं आहे समजत होतो. तसंच मी तारालाही बरं समजत होतो, कारण तिकडून पत्र येत नव्हतं. हे पुढं वाढवत नाही, तुम्हाला कळेल.

मग तुम्ही घरातून चाळीसचा डबा काढलात. तुम्ही हल्ली ज्याची गाडी हाकता त्या ठेकेदाराचा की तुमचा स्वतःचा, मी विचारलं नाही. तीस निम्मं काढून चाळीस घातलंत. "सकाळी चालू हुईल, घाटात तग धरील. तोवर इंजिन उघडून बेअरिंगा बदला. त्याशिवाय मालाला लावायची न्हाय." गुणाक्का म्हणाली, "भावकू, तूच दिल्या घेतल्याचं गणित करणारा आणि तुलाच कुणी गंडवलं," आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. वीस वर्षांनी बहीण माझ्यासमोर हसली. बरं वाटलं.

आणि तुम्ही कल्लाप्पाला मागं बसवलंत आणि स्टिअरिंगला स्वतः बसलात. मी दुसऱ्या कडेला, तारा मध्ये गादीवर. तवंदी उतरेपर्यंत आपण दोघंही इंजिन ऐकत होतो. तारा म्हणाली, "तुम्ही दोघं असं ऐकताय जणू आतनं कुणी पत्र वाचून दाखवतंय."

निपाणीत तुम्ही गाडी दारात लावलीत, ताराला उतरवलंत, आणि केबिनमध्येच बसून राहिलात. मामी दारात पाणी घेऊन उभी. तुम्ही तिथूनच हात जोडलेत. शपथ शपथ असते, मला मान्य आहे. माझ्या बहिणीचा पोर आहे, हट्टी नसता तर मला शंका आली असती. मामीनं मग ताट केबिनमध्ये आणून दिलं. अख्ख्या गल्लीनं बघितलं, जावई लॉरीत जेवतोय. झुणका, भाकरी, त्यावर तूप. तुम्ही भाकरी दुसऱ्यांदा मागितलीत, ही बातमी मामीनं दोन दिवस पुरवली.

रात्री मोटारसर्व्हिसनं परत गेलात. थांबा म्हणावं असं तोंडाशी आलतं. मी ते गिळलं, कारण तुम्ही नाही म्हटलं असतंत आणि मग तेही चार लोकांत झालं असतं.

भावकू

निपाणी, १८ मार्च १९४७

परसराम,

मुलगी झाली. रविवारी पहाटे. तार केली आहे ती मिळाली असेल, पण तारेत माणूस खर्चाकडं बघतो, म्हणून हे सविस्तर.

तारा सुखरूप. सूज ओसरली. सुरुवातीला डॉक्टराची चर्या मला पसंत नव्हती, पहाटे चारच्या सुमारास तो मामीशी हळू आवाजात बोलायला लागला. हळू आवाज मला लांबून ऐकू येतो. तेव्हा मी काय काय बोललो देवाजवळ ते लिहीत नाही. मग पोर रडली. परसराम, काय आवाज आहे. तीन घरं उठली. मुकी अजिबात नाही. मी दारातच म्हणालो, हे इंजिन नवं आहे. ह्या खेपेला फसलेलो नाही.

गाडीचं ऐका. तुम्ही म्हणालात तसं मालाला लावलेली नाही. तंबाखूचा भर हंगाम, सगळे व्यापारी दारात, आणि माझी गाडी परसात बंद. लोक म्हणतात, भावकू म्हातारा झाला. मी म्हणतो, इंजिनाला म्हातारपण आलंय, मालकाला नाही. कोल्हापूरच्या कारागिरानं इंजिन उघडून ठेवलंय. तुम्ही जे दांड्यानं ऐकलंत ते त्यानं डोळ्यांनी बघितलं आणि मला आत हात घालून दाखवलं. बेअरिंगा नव्या येत आहेत. त्या आल्या की बसवणार कोण हे मी त्या कारागिराला सांगितलेलं नाही. आणि बसवल्यावर तेल कुठल्या नंबरचं घालायचं तेही सांगितलेलं नाही. तो नंबर आता माझ्या एकट्याच्या कानाचा नाही.

बारसं पुढच्या गुरुवारी, सत्तावीसला. ताराला तुम्ही यायला हवेत. ती तसं म्हणत नाही, पण दारातून गाडी गेली की मान वर करते. गुणाक्काला आणा. आणि तुमची शपथ मला ठाऊक आहे. मी ती मोडायला सांगणार नाही. ज्या माणसानं अमावास्येच्या आत माझी पोर घरी पोहोचवली, त्याला चार लोकांत शब्द फिरवायला लावणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि त्या तवंदीच्या घाटातल्या माझ्या बोलण्याचं म्हणाल तर, बसऱ्याला तुम्ही ताटं धुतली नाहीत, हे मी परवा त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच वखारीत, त्याच्या चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. तो म्हणाला, मग काय केलं? मी म्हणालो, माझं इंजिन ऐकलं.

तर बारशाचं मी असं ठरवलंय. बायका आधी नको नको म्हणाल्या, आता त्यांनाच हौस आलीय. बाळाबाई फुलं बांधणार आहे, राजाबाई घुगऱ्या. पाळणा घरात टांगायचा नाही. परसात लॉरी उभी आहे, इंजिन उघडं, चाकांखाली दगड, कुठं जाणार नाही. तिच्या ताडपत्रीच्या लोखंडी कमानी मजबूत आहेत. मी स्वतः लोंबकळून बघितलं, मामी ओरडली. मधल्या कमानीला पाळणा बांधलाय. खाली सतरंजी टाकलीय. नाव तिथंच ठेवायचं.

बेळगावहून सकाळच्या गाडीनं निघा. माझ्या दाराकडं बघूही नका, वळसा घालून सरळ परसात या.

लॉरीला उंबरा नसतो. चढायला फळी लावून ठेवतो. चढताना डोकं सांभाळा, कमान ठेंगणी आहे.

मामा